माउस कोणाच्या हातात?

घाटकोपर-मुलुंडकडच्या कॉलेजांत वेब डिझाइनच्या कार्यशाळा होतात. चार-पाच जणांचा गट करतात आणि एका वेबपेजचा कच्चा आराखडा, म्हणजे मॉकअप, सर्वांनी मिळून करायचा असतो. आमचा प्रश्न एवढाच : या 'मिळून' मध्ये माउस कोणाच्या हातात असतो?

ज्याचा लॅपटॉप, त्याच्या. रमाबाई नगरातली मुलगी मोबाइलवरच शिकत आलेली. तिच्या वाट्याला मजकूर टाइप करणे येते. नावे पाच, निर्णय एकाचा. श्रमविभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त दाखवले. ती दुसरी विभागणी या टेबलाभोवतीही बसलेली असते.

म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्या. हा काही गरिबांसाठीचा स्वस्त पर्याय नव्हे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या 'युटोपिया' प्रकल्पात स्कॅन्डिनेव्हियातल्या छपाई कामगारांनी संशोधकांबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यांतूनच भावी यंत्रांचे मॉकअप उभे केले. तिथे कामगारांची संघटना सोबत होती, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही!

आणि विषय नेहमी कॉफी शॉपच का? शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज द्या. जातप्रमाणपत्र अपलोड करताना पान बंद पडले आणि सायबर कॅफेत दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले, असा ज्याचा अनुभव, त्यालाच 'अर्धा भरलेला अर्ज जतन करा' हे बटण पहिल्यांदा सुचेल. अशा गटात लॅपटॉपवाल्याला ऐकून घ्यावे लागते.

शिक्षकांनी गटाला सरसकट गुण देणेही थांबवावे. कोणती चौकट कोणी काढली आणि का, हे प्रत्येकाला विचारावे.