बंदी झाली, मग घरात गोळीबार कसला?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ मोबाइल अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ होते. गलवानचे रक्त तेव्हा ताजे होते आणि देशाची माहिती परक्यांच्या हाती जाऊ नये यासाठी तो निर्णय आवश्यकच होता. परंतु पालकांनी त्याचा अर्थ भलताच लावला. सरकारने देशाच्या सुरक्षेचा प्रश्न हाताळला होता. आपल्या चिरंजीवांची झोप, अभ्यास आणि संगत यांची जबाबदारी काही दिल्लीने घेतली नव्हती.

पुढे काय झाले? २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने नावात ‘इंडिया’ घातले आणि रक्त हिरवे केले. रक्ताचा रंग बदलला म्हणून खेळ बदलला, असे मानणाऱ्या भाबड्या मंडळींना काय म्हणावे! जुलै २०२२ मध्ये तोही अ‍ॅप-दुकानांतून हटवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. या साऱ्या ये-जा काळात मुलांच्या बोटांना विश्रांती मिळाली असेल, तर ती परीक्षेपुरतीच.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा याच जातकुळीचा खेळ आणला. आपल्या तरुणांच्या कर्तृत्वाचा अभिमान जरूर बाळगावा; पण बंदूक पुण्यात घडली म्हणून तेरा वर्षांच्या मुलाने रात्री एकपर्यंत ती चालवावी, असे ठरत नाही.

या खेळाला शिव्या देणाऱ्या बहुसंख्य पालकांनी तो पाच मिनिटेही पाहिलेला नसतो. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. शस्त्रे शोधायची, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, समोर येईल त्याला टिपायचे आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचे. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. परंतु खरी मेख पुढेच आहे. चार भिडूंचा एक चमू असतो, कानाला हेडफोन लावून ते आपसांत बोलत असतात. एखाद्याला गोळी लागली की तो लगेच मरत नाही. सोबत्याने धावत जाऊन त्याला उठवायचे असते. आई जेवायला हाक मारते आणि मुलगा उठत नाही, त्याचे कारण हे आहे. तो उठला तर तीन सोबती उघडे पडतात. त्याला वाटते, आपण मित्रांना दगा देतो आहोत. मैत्रीची ही ओढ मुळात वाईट नाही, उलट ती चांगलीच आहे. कंपनीने तिलाच दावे लावले आहे. म्हणून ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ हा हुकूम व्यर्थ जातो. ‘हा डाव संपला की फोन माझ्याकडे’ असे सांगणारा बाप अधिक शहाणा.

‘त्यातून संघभावना वाढते’ असे सांगणारे तज्ज्ञ असतात. त्यांना विचारावे, चमूतला चौथा भिडू कोण? तो शेजारच्या बराकीतला वर्गमित्र आहे, की नाव, वय, गाव काहीच ठाऊक नसलेला कोणी परका? दुसरीकडे प्रत्येक खेळणाऱ्या मुलाला रोगी ठरवणारेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिले, पण त्यासाठी सर्वसाधारणपणे वर्षभराची लक्षणे लागतात. तरीही गाफील राहण्यात अर्थ नाही. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत पबजीत गुंगलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातील सुमारे १० लाख रुपये खेळावर उडवले, आणि बोलणी बसताच घर सोडले. पोलिसांना तो महाकाली गुंफांपाशी सापडला.

उल्हासनगर कॅम्प २ मधील पालकांची अडचण आम्ही जाणतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी तळाच्या बराकींत सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्यांनी संसार थाटले; १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सैन्य गेले, बराकींची दुकाने झाली. गजानन मार्केटच्या आसपास दुकान रात्री उशिरापर्यंत चालते, घरे दाटीची, खेळायला अंगण नाही. मूल गप्प बसावे म्हणून हाती फोन दिला जातो, आणि त्याच फोनला दुकानाचे बँक खाते जोडलेले असते! खेळातले कपडे आणि बंदुकीचे रंग ‘यूसी’ नावाच्या आभासी नाण्यांनी मिळतात, आणि ती नाणी खऱ्या रुपयांनी. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा कंपनीने जाहीर केली आहे. पण वय सांगणारा मुलगाच असेल, तर ती मर्यादा कागदावरच. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानेही फार आशा ठेवू नये, त्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे.

तेव्हा प्रथम फोनवरून बँकेचे अ‍ॅप काढावे आणि खरेदीला पासवर्ड लावावा. अनोळखी आवाज बंद ठेवावेत, चमूत ओळखीचीच मुले असावीत. फोन झोपण्याच्या खोलीत नको. सोळा वर्षांच्या आत हा खेळ नकोच, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि वेळ नाही, ही सबब सांगू नये. रात्री गल्ल्याचा हिशेब रुपयापर्यंत जुळवणाऱ्या गृहस्थाने घरी पोहोचल्यावर एक डाव मुलाशेजारी बसून पाहावा आणि त्या चौथ्या भिडूचे नाव विचारावे.