तिठ्यावरचा सर्व्हर
हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता फुटतो. तिथला एक तरुण परवा विचारत होता, "काका, आंबा बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या वेबसाइट सांभाळायचा धंदा काढतोय, सर्व्हर विकत घेऊ का?" त्याची उमेद मला मनापासून आवडली. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावाने थेट विकू पाहणाऱ्याला हाकेच्या अंतरावरचा जाणता माणूस हवाच. पण यंत्र घरात ठेवू नकोस, असं मी त्याला कळकळीने सांगितलं. दोनशे वॉट खाणारा सर्व्हर अहोरात्र चालला तर महिन्याला १४४ युनिट जळतात; वर यूपीएस, एसी, आणि इंटरनेटची एक लाइन तुटली तर दुसरी. शिवाय आपला पावसाळा! मे २०२१च्या तौक्ते वादळात खांब कोसळले, गावंच्या गावं अंधारात गेली. तशा रात्री गिऱ्हाइकाचं दुकान बंद पडलं तर त्याला काय सांगणार? समुद्राखालच्या केबली मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, मोठी डेटा सेंटरं त्याच शहराच्या आसपास आहेत. तिथे आधी भाड्याच्या सर्व्हरवर जागा घे. पुढे स्वतःचं यंत्र घेशीलच, तेव्हा दोन पॉवर सप्लाय, चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी आणि जोडीने चालणाऱ्या डिस्क बघ, आणि तेही तिथेच नेऊन ठेव. डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. रोजची वेगळी प्रत मात्र हातखंब्याच्या घरात ठेव, आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघ.