सत्काराची शाल आणि आजाऱ्याचे हात

घरातील एखादी स्त्री दीर्घ आजाराने खिळली, की आप्तेष्टांच्या दयेला भरते येते, आणि त्या दयेचा पहिला आघात तिच्या हातांवर होतो. आधी विळी जाते, मग देवपूजेच्या फुलांची परडी जाते, आणि शेवटी उशाशी ठेवलेल्या लोकर विणण्याच्या सुयाही जातात. ‘आता पुरे झाले ते विणणे, स्वस्थ पडून राहा,’ असे मराठी घरात म्हणतात; कोंकणी घरात ‘आतां पुरो’ म्हणून तितक्याच मायेने तेच करतात. त्या मायेविषयी मला शंका नाही. परंतु माया निर्मळ असली म्हणजे तिचा परिणामही निर्मळ असतो असा नियम नाही. माणसाच्या हातचे काम काढून घेणे म्हणजे त्याची घरातील जागा काढून घेणे होय. ती जागा गेली की मागे राहते ती एक खाट, तिच्याभोवतीची औषधे आणि दाराशी दबलेल्या आवाजात होणारी चौकशी.

हे मी दुरून पाहून लिहीत नाही. ज्याला वैद्य आमवात म्हणतात आणि डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्या व्याधीशी गेली अकरा वर्षे माझा संसार चालू आहे. या रोगात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात, आणि सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. या अकरा वर्षांत माझ्या हातून चौदा शाली विणून झाल्या. मी हे अभिमानाने सांगत नाही. ज्या विषयावर बोलते आहे त्याचे टाके मी स्वतः मोजले आहेत, एवढेच सांगावयाचे आहे.

पहिला आक्षेप विश्रांतीचा. दुखऱ्या सांध्याला विश्रांती हवी, हे कोण नाकारील? सूज चढलेली असते, सांधा हाताला गरम लागतो, तेव्हा सुया खाली ठेवल्याच पाहिजेत. पण आठ दिवसांची विश्रांती आणि आठ वर्षांची विश्रांती या एक गोष्टी नव्हेत. न हलविलेला सांधा आखडतो, न वापरलेला स्नायू झडतो. इंग्लंडमध्ये या रोगाच्या ४९० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली छापून आले. ज्यांना हाताच्या सांध्यांचे बेताबेताने वाढविलेले व्यायाम दिले, त्यांच्या हातांची कार्यशक्ती वर्षानंतरही इतरांहून चांगली राहिली, आणि त्यापायी त्यांच्या वेदना वाढल्या नाहीत. तो अभ्यास व्यायामाचा होता, विणकामाचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. कारण अर्धे सत्य सांगून वाद जिंकण्यात मला रस नाही. परंतु ‘हात हलविला म्हणजे हात बिघडतो’ ही जी आपल्या घरोघरची समजूत आहे, तिला त्या अभ्यासाने आधार उरत नाही, हे निश्चित.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. अलीकडे विणकामाला रामबाण औषध म्हणून मिरविण्याची एक टूम निघाली आहे. विणा म्हणजे रक्तदाब उतरेल, विणा म्हणजे चिंता जाईल, विणा म्हणजे गोळ्यांची गरजच उरणार नाही! या मंडळींचा आवडता आधार म्हणजे २०१३ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी. तीत ३१ देशांतील ३,५४५ विणणाऱ्यांनी प्रश्नांची उत्तरे दिली, आणि जे वारंवार विणतात त्यांनी आपणांस अधिक शांत व आनंदी वाटते असे कळविले. मला त्यात नवल वाटत नाही. पण ही उत्तरे देणारे आधीपासूनच विणकामाचे भक्त होते, आणि त्यांना काय वाटते ते त्यांनीच सांगितले. भक्ताच्या साक्षीवरून श्रद्धा सिद्ध होते, औषध सिद्ध होत नाही. माझी आठवड्याची मेथोट्रेक्झेटची गोळी आणि ठरल्या मुदतीची रक्ततपासणी यांची जागा कोणत्याही लोकरीच्या गुंड्याने घेतलेली नाही. सुया हाती आहेत म्हणून गोळी टाळणाऱ्याला शहाणा म्हणता येणार नाही. त्याचप्रमाणे हे काम प्रत्येक आजाऱ्याच्या गळ्यात बांधणे हाही अविचारच आहे. डायलिसिस चालू असता ज्याचा एक हात यंत्राशी जोडून स्थिर ठेवावा लागतो, त्याला ‘वेळ जातो, विणत बसा’ असा उपदेश करणारा मनुष्य रुग्णाकडे न पाहताच बोलत असतो.

विणकाम औषध नव्हे आणि अपथ्यही नव्हे. मग ते काय आहे? ते काम आहे. एवढे साधे उत्तर आपल्या तोंडून निघत नाही, हीच माझी तक्रार आहे. एका साध्या शालीचा हिशेब करून पाहा. मध्यम जाडीची लोकर, आठ नंबरच्या सुया. रुंदीला १२० टाके, लांबीला ४०० ओळी. एवढी शाल जेमतेम दोन फूट रुंद आणि पाच फूट लांब होते. तिच्यात ४८,००० टाके पडतात. निरोगी हाताने मिनिटाला वीस टाके घातले तर ४० तास लागतील. आजारी हाताची गती त्याच्या दोनतृतीयांश धरा, म्हणजे ६० तास झाले. आणि त्या हाताला सकाळ-संध्याकाळ मिळून अर्ध्या तासाहून अधिक ताण देता येत नाही, म्हणजे १२० दिवस झाले. आषाढीला पहिला टाका घातला तर शेवटचा टाका कार्तिकीला बंद होतो. एका शालीला एक चातुर्मास! ज्या समाजाला चातुर्मासाच्या नेमाचे महत्त्व शिकवावे लागत नाही, त्या समाजाने अशा कामाला ‘बसल्या बसल्या काहीतरी चाळा’ म्हणावे, याहून मोठी विसंगती कोणती?

आजाऱ्याला काम देणे म्हणजे त्याला राबविणे नव्हे, हा विचारही आपल्याला परका नाही. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भारतातील ती पहिली. या शास्त्राचा पायाच असा आहे, की हातांना अर्थपूर्ण काम मिळाले तर रुग्ण पुन्हा आपल्या जीवनाचा धनी होऊ शकतो. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक संघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. त्याच सुमारास वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताई यांनी आनंदवन उभे केले. समाजाने ज्यांच्या हातांना शिवण्याचेही नाकारले होते, त्या कुष्ठरोग्यांच्या हातांनी तेथे शेते पिकविली, घरे बांधली आणि हातमागावर कापड विणले. झडलेल्या बोटांच्या हाताने विणलेले कापड चालते, आणि आपल्याच घरातील सुजलेल्या बोटांच्या हाताने विणलेली शाल मात्र कौतुकापुरती! असा भेद आपण कोणत्या न्यायाने करतो?

मंदिरांशी निगडित असलेल्या आपल्या समाजाला हा प्रश्न मी मुद्दाम विचारते, कारण शालीशी आपला नित्याचा संबंध आहे. उत्सव असो, पुण्यतिथी असो, कीर्तन-सप्ताहाची समाप्ती असो की परीक्षेत चमकलेल्या मुलांचे कौतुक असो. गोव्यापासून बेळगावपर्यंत आणि इंदूर-ग्वाल्हेरपासून बडोदे-हैदराबादपर्यंत, जेथे जेथे मराठी आणि कोंकणी माणूस वसला तेथे शाल-श्रीफळाविना त्याचे सोहळे पार पडत नाहीत. आणि ही शाल असते कशी? दुकानातून डझनाच्या भावाने आणलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून अर्धे मिनिट खांद्यावर टाकलेली, आणि छायाचित्र निघताच पुन्हा घडी घातलेली. सत्कारमूर्तीच्या कपाटातून ती दुसऱ्या सत्काराला जाते, तेथून तिसऱ्या. तिची ऊब कोणाच्याही अंगाला लागत नाही, कारण ती ऊब देण्यासाठी घेतलेलीच नसते. नारळ निदान प्रसादाला तरी लागतो!

एका समारंभासाठी मी दोन शाली देऊ केल्या होत्या. व्यवस्थापक मंडळींनी त्या आनंदाने स्वीकारल्या, माझ्या प्रकृतीविषयी चार हळवे शब्दही बोलले. समारंभात मात्र पाहुण्यांना दुकानातल्या शाली दिल्या गेल्या. कारण विचारता उत्तर मिळाले, ‘व्यासपीठावर सगळ्या एकसारख्या दिसायला हव्यात.’ त्या मंडळींवर माझा राग नाही. पण त्या उत्तरात एक अख्खी दृष्टी सामावलेली आहे, आणि माझे भांडण त्या दृष्टीशी आहे. आजाऱ्याने दिलेली वस्तू भेट म्हणून घ्यावयाची, पाठीवर हात फिरवावयाचा, आणि ती वापरावयाची मात्र नाही! नाकारलेली वस्तू निदान परत तरी घेता येते. स्वीकारून बाजूला ठेवलेल्या वस्तूचे काय करावे?

आमच्या परंपरेत तरी ही दृष्टी कोठून आली? सावता माळ्याने मळ्यात देव पाहिला, गोरा कुंभाराने चिखल तुडविताना नाम घेतले, जनाबाईच्या जात्याला साक्षात विठ्ठलाने हात लावला, असे आपण भक्तिभावाने सांगतो. हाताचे काम आणि देवाची सेवा यांत संतांनी भिंत घातली नाही. लोकरीचा तर आपल्या धर्माचारात विशेष मान आहे; धाबळी सोवळ्यात चालते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. थंडीच्या दिवसांत पंढरपूरच्या विठ्ठलाला शाल आणि कानपट्टी घालतात. देवालाही थंडी वाजत असेल, ही ज्यांची भावना, त्यांना त्या शालीचा टाका घालणारे हात कोणाचे आहेत, ते दुखत आहेत काय, हे विचारण्याचे सुचू नये?

शेवटचा आक्षेप कुजबुजत घेतला जातो, आणि खरी मेख त्यातच आहे. ‘घरच्या आजारी बाईने विणकामाचे पैसे घ्यावयाचे? लोक काय म्हणतील?’ लोक हारवाल्याचे पैसे देतात, वाजंत्र्यांची बिदागी देतात, कीर्तनकाराच्या हातावर दक्षिणा ठेवतात. त्यात कोणाचे घराणे बुडत नाही. सेवेला मोबदला दिल्याने सेवा बाटते, हे तत्त्व आपण फक्त घरातल्या बायकांच्या श्रमालाच लावीत आलो आहोत. ज्या स्त्रीच्या औषधांचा खर्च महिन्याच्या महिन्याला इतरांच्या तोंडाकडे पाहून करावा लागतो, तिला स्वतः मिळविलेल्या थोड्या रुपयांचे मोल काय असते, ते त्या कुजबुजणाऱ्यांना कधी कळले नसावे. पैसे नको असतील तर ती स्वतः सांगेल; तिच्या वतीने आपण नको म्हणण्याचे कारण नाही.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. घरच्यांनी सुया काढून घेऊ नयेत. सुया चालतील अशी सोय करावी. पाठीला आधार देणारी खुर्ची, डाव्या-उजव्या बाजूने पुरेसा उजेड आणि कोपराखाली उशी द्यावी. पातळ लोखंडी सुयांऐवजी जाड, हलक्या लाकडी किंवा बांबूच्या सुया आणाव्यात, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही. तारेने जोडलेली गोल सुई असेल तर शालीचा भार मनगटावर न पडता मांडीवर राहतो. मोठी शाल पट्ट्यापट्ट्यांनी विणून मागाहून जोडता येते. दर पंधरा मिनिटांनी हात मोकळे करावेत, आणि ज्या दिवशी सूज असेल त्या दिवशी ‘आज किती ओळी झाल्या?’ असा प्रश्न कोणी चुकूनही विचारू नये.

देवस्थानांच्या आणि उत्सव-मंडळांच्या चालकांनी यापुढचे पाऊल टाकावे. आपल्या समाजात अंथरुणाला किंवा घराला खिळलेले, पण हात चालणारे किती जण आहेत, याची एकदा नोंद करावी. त्यांत पुरुषही असतील, आणि सुया धरल्याने पुरुषाचे काही उणे होत नाही. ज्यांची इच्छा आणि शक्ती असेल त्यांच्याकडे वर्षाच्या दोन किंवा चारच शाली, पुरेशी मुदत देऊन, लोकरीचे व तासांचे मोल ठरवून मागवाव्यात. दहा सत्कारांऐवजी चार सत्कार झाले तर समाजाची काही हानी होणार नाही. उलट झालीच तर श्रोत्यांची सुटका होईल. आणि शाल खांद्यावर घालताना ती कोणी विणली हे व्यासपीठावरून सांगावे. आजाराचे नाव सांगू नये. हातांचे नाव सांगावे.

पुढील उत्सवाचे अंदाजपत्रक लौकरच मांडले जाईल. त्यात फुले, तेल, मांडव आणि वाजंत्री यांच्या खाली ‘शाली’ अशी एक ओळ नेहमीप्रमाणे असेल. ती लिहिणाऱ्याने लेखणी क्षणभर थांबवून दुकानाच्या नावाऐवजी आपल्याच वस्तीतील एका घराचे नाव लिहावे. मात्र ते आषाढापूर्वी लिहावे. शालीला एक चातुर्मास लागतो.