पहिला तास रिकाम्या पोटी

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण ज्याने काढली तो होस्टेलवर राहिलेला नसणार हे नक्की. आमच्याकडे आधी अलार्म, मग स्नूझ, मग बादली घेऊन बाथरूमची लाईन आणि मग ओल्या केसांनी थेट पहिलं लेक्चर. मेसचा नाश्ता साडेसातला सुरू होतो नि नऊला बंद होतो. त्या दीड तासात निम्मं होस्टेल घोरत असतं. सबमिशनच्या आठवड्यात तर विचारूच नका. पोटोबा भेटतात ते एकदम अकराच्या ब्रेकमध्ये, कॅन्टीनच्या वडापावसमोर!

आरोग्य शिबिरात पाहुणे डॉक्टर सांगतात, सकाळी राजासारखं खा, दुपारी प्रधानासारखं आणि रात्री भिकाऱ्यासारखं. आपण टाळ्या वाजवतो. मग मागच्या बाकावरचा एखादा उठून विचारतो, "सर, मग दीक्षित डाएटचं काय?" आणि चर्चा रंगते. ही चर्चा एकदा नीट व्हायला हवी असं मला वाटतं, कारण माझ्या मते ती आपण भलत्याच माणसांबद्दल करत बसलो आहोत.

आधी शब्दच बघा. 'नाश्ता' फारसीतून आपल्याकडे आला. तिथे त्याचा मूळ अर्थ 'सकाळपासून काही न खाल्लेला' असा आहे. 'न्याहारी'चं नातंही फारसीतल्या 'नहार'शी, म्हणजे उपाशीपोटी असण्याशी. म्हणजे या दोन्ही शब्दांत पोहे नाहीत, उपमा नाही. आहे ते रिकामं पोट.

आता 'सकाळचं खाणं हेच दिवसातलं सर्वात महत्त्वाचं खाणं' हे वाक्य. ते वेदांत नाही आणि आजीच्या बटव्यातही नाही. १९१७ साली अमेरिकेत 'गुड हेल्थ' नावाच्या मासिकात ते छापून आलं होतं आणि त्या मासिकाचे संपादक होते जॉन हार्वे केलॉग. होय, तेच कॉर्नफ्लेक्सवाल्या घराण्यातले! त्यांच्या भावाने काढलेली कंपनी १९९४ मध्ये भारतात आली. कारखाना टाकला आपल्या खाडीपलीकडे, तळोज्याला. पण आपल्या घरोघरी दूध तापवून ओतायची पद्धत. गरम दुधात कुरकुरीत फ्लेक्सचा लगदा झाला आणि सुरुवातीची काही वर्षं कंपनीला जड गेली. तेव्हा न्याहारीच्या महतीत धंद्याचाही हात आहे, हे लक्षात ठेवावं.

शास्त्र काय म्हणतं? २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी १३ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. नाश्ता केल्याने वजन कमी होतं, याला त्यांना आधार सापडला नाही. उलट नाश्ता करणारे दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्तच खात होते. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव पोचवलेला 'दिवसातून दोनदाच जेवा' हा विचारही याच बाजूचा.

झालं तर मग! उद्यापासून मेसवाल्याला सकाळची सुट्टी?

थांबा. या चाचण्या होत्या श्रीमंत देशांतल्या, पोटभर खाणाऱ्या प्रौढांवर. दीक्षित डाएटही मुळात लठ्ठपणा आणि मधुमेह टाळू पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. ज्याच्या अंगात साठा आहे, त्याने एक खाणं गाळलं तर शरीर साठ्यातून खर्च करतं. प्रश्न आहे तो साठाच नसलेल्यांचा.

थोडं इंजिनीअरच्या भाषेत सांगतो. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण खर्च सुमारे २० टक्के. हा पॉवर सप्लाय बंद करून चालत नाही, आपण झोपलो तरी चालू राहतो. रात्री यकृत आपल्याकडचं साठवलेलं ग्लायकोजेन मोडून ग्लुकोज पुरवत राहतं. मोठ्या माणसाची बॅटरी मोठी, ती सकाळी सहज पुरते. लहान मुलाचा मेंदू मात्र त्याच्या शरीराच्या मानाने कितीतरी जास्त खातो आणि यकृत असतं लहान. म्हणजे लोड जास्त, बॅटरी छोटी. त्यात ते मूल कुपोषित असेल तर बॅटरी मुळात अर्धीच चार्ज झालेली.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. जमैकात १६ ग्रामीण शाळांतल्या ८१४ मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना शाळेच्या वर्षभर रोज नाश्ता दिला. उरलेल्यांना तेवढंच लक्ष, पण खायला संत्र्याचा पाव तुकडा. वर्षाअखेरीस नाश्ता मिळालेल्या मुलांची उंची, वजन आणि हजेरी थोडी सुधारली आणि त्यांच्यातल्या लहान वर्गातल्या मुलांचं गणित सुधारलं. फरक लहान होता, पण तो एका वर्षात आणि फक्त खाण्याने पडला. शिकवणी वगैरे काही लावली नव्हती.

आता आपल्या गोवंडीकडे येऊ.

गोवंडी स्टेशनच्या एका बाजूला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, आणि १९५६ साली सुरू झालेली लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. देशात किती मुलं खुरटलेली, किती बायकांच्या अंगात रक्त कमी, हे सांगणारं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच दुसऱ्या संस्थेतून चालतं. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय. (लेडीज होस्टेलच्या मैत्रिणींनो, हा आकडा तुम्हीही दोनदा वाचा आणि मगच नाश्ता बुडवा!)

रुळांच्या दुसऱ्या बाजूला शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि १९२७ पासूनचं देवनारचं डंपिंग ग्राउंड. हा सगळा भाग महापालिकेच्या एम-पूर्व वॉर्डात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात २४ वॉर्डांत हा वॉर्ड सर्वात शेवटी होता. भुकेचा हिशोब ठेवणारी संस्था आणि ती भूक यांच्यामध्ये हार्बर लाईनचे दोन रूळ!

आमच्या एनएसएसच्या ग्रुपबरोबर शनिवारी सकाळी मी त्या भागातल्या एका शाळेत गणित शिकवायला जातो. एकदा सहज विचारलं, "आज क्या खाके आए?" उत्तरं अशी : "चाय." "चाय-बटर." "चाय-पाव." एकाने खिशातलं पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट दाखवलं. बाकीचे गप्प. भागाकारात बाकी उरते तिथे ती मुलं अडकतात. ती 'ढ' आहेत असं मला तरी म्हणवत नाही.

आता आयांना नावं ठेवणं सोपं आहे. 'सकाळी उठून दोन पोळ्या लाटायला काय जातं?' असं विचारणारे आपल्यातही आहेत. पण न्याहारीला नुसता शिधा पुरत नाही. पाणी लागतं, गॅस लागतो आणि बाईच्या हातात अर्धा तास लागतो. जिथे नळाला अवेळी पाणी येतं, संडासाला रांग लागते आणि उजाडायच्या आत कामावर निघावं लागतं, तिथे सकाळी पहिला बळी जातो तो न्याहारीचा. मग पाच रुपयांत जे हातात पडतं ते मूल खातं. त्यातून चहा! चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाही. म्हणूनच २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा, असं म्हटलं आहे. आमच्या त्या वर्गात तर चहा हीच न्याहारी.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत पौष्टिक न्याहारी द्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे. पण २०२१ मध्ये 'पीएम पोषण' योजना मंजूर झाली तेव्हा दुपारचं जेवण राहिलं, न्याहारी गळाली. त्या जेवणाचं प्रमाण प्राथमिकच्या मुलामागे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं ठरलेलं आहे. चांगलंच आहे, पण ते मिळतं मधल्या सुट्टीत. सकाळच्या पाळीतल्या मुलाचे पहिले तास त्याआधीच संपतात, आणि गणित बहुधा त्याच तासांना! फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं ठरवलं. हेतू चांगला होता. पण जागेअभावी दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेने घड्याळ किती पुढे ढकलायचं? आणि घरात खायलाच नसेल तर नऊ वाजता तरी पोट भरलेलं कसं असेल?

होतं का हे कुठे? होतं. तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत सरकारी शाळांतल्या पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी सकाळच्या नाश्त्याची योजना सुरू केली. सुरुवात १,५४५ शाळांतून, सुमारे १.१४ लाख मुलांसाठी. वर्षभरात, ऑगस्ट २०२३ मध्ये, ती राज्यभर नेली. उपमा, खिचडी, पोंगल, म्हणजे आपल्याला अनोळखी असं काहीच नाही.

"पण खर्च?" म्हणून कागदावर हिशोब केला. एका मुलाला ५० ग्रॅम पोहे, १५ ग्रॅम शेंगदाणे, ५ ग्रॅम तेल. झाल्या साधारण ३०० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं. वर लिंबू पिळलं की त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं (चहा जे बिघडवतो ते लिंबू सुधारतं). ५०० मुलांची शाळा धरली तर रोज २५ किलो पोहे, साडेसात किलो दाणे, अडीच किलो तेल. कांदा, हळद, मीठ वेगळं. दोन मोठ्या कढया आणि तीन-चार माणसं. आपल्या मेसमध्ये रोज सकाळी साधारण हेच चाललेलं असतं, रॉकेट सायन्स नाही!

"फुकट खायची सवय लागेल" हा दुसरा आक्षेप. यावर मला एवढंच म्हणायचं आहे की आपल्यातल्या कितीतरी जणांची मेसची बिलं वडील भरतात. आपल्याला कुठे वाईट सवय लागली? सात वर्षांच्या पोराने आपली न्याहारी स्वतः कमवावी अशी अपेक्षा कुणाचीच नसते. कमवणाऱ्याच्या पगारात ती बसत नाही, म्हणून शाळेने द्यावी.

काही मित्र सुचवतात की मेसमध्ये उरलेला नाश्ता तिकडे नेऊन वाटू. भावना चांगली, पण मला ते पटत नाही. मुंबईच्या दमट हवेत नऊला उरलेले पोहे अकरापर्यंत कसे राहतील, हे खाणाऱ्याच्या पोटालाच कळेल. शिवाय आपल्या उरलेल्यावर दुसऱ्याच्या मुलाची न्याहारी ठरणार असेल, तर आपण उशिरापर्यंत झोपणं हाच त्यांचा आधार! ती न्याहारी त्यांच्यासाठी म्हणून, त्यांच्या शाळेत, पहिल्या तासाआधी शिजलेली असली पाहिजे.

मग आपण करायचं काय? तीन गोष्टी सुचवतो. पहिली अगदी घरातली. आपल्याला साडेसातला गरम नाश्ता वाढणारी मेसची पोरं पहाटे पाचला उठतात. ती चहावर उभी असतात आणि त्यांच्या तोंडात घास पडतो तो आपला काउंटर बंद झाल्यावर. काउंटर उघडायच्या आधी त्यांची पंगत बसली पाहिजे. याला एक पैसाही जास्त लागत नाही, फक्त पाव तास लागतो. दुसरी, जे रात्रभर जागतात त्यांच्यासाठी नऊनंतर केळं, उकडलेलं अंडं, भाजलेले दाणे असं काहीतरी काउंटरवर राहावं. तिसरी, एनएसएसच्या तासांत आपण वरचा हिशोब पक्का करू. जवळच्या एका शाळेसाठी पटसंख्या, भांडी, गॅस, पाणी, वेळ असं सगळं मांडून महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे रीतसर प्रस्ताव देऊ. प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायला आपल्याला शिकवलंय ना? मग एक रिपोर्ट असाही होऊ दे. प्राध्यापक मंडळींनी गाईड म्हणून सही करावी ही विनंती.

पहिले दोन मुद्दे मी मेस कमिटीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. तिसऱ्यासाठी माणसं हवीत. शनिवारी सकाळी सव्वासहाला गेटवर भेटू. आणि हो, येताना काहीतरी खाऊन या.