फसवणूक कोणाची? देणगीदाराची की मतदाराची?

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जॉर्ज सँटोस या माजी लोकप्रतिनिधीची उर्वरित शिक्षा रद्द केली आणि त्याच रात्री सँटोस तुरुंगाबाहेर आले. सात वर्षे तीन महिन्यांच्या शिक्षेपैकी पुरते तीन महिनेही त्यांनी भोगले नव्हते. अमेरिकेतील, आणि तेथल्या बातम्यांवर पोसणाऱ्या आपल्याकडील वृत्तपत्रांनीही, या प्रकरणाकडे प्रारंभापासून एका थापाड्याची करमणूकप्रधान कहाणी म्हणून पाहिले. वस्तुतः ही एका माणसाची कहाणी नाहीच. लोकशाहीत मतदाराची फसवणूक झाली तर त्याची दाद कोणी घ्यायची, हा या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. आणि सँटोस सुटले तरी तो प्रश्न सुटलेला नाही.

ज्या मतदारसंघात हे घडले त्याचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. न्यूयॉर्क शहराला पूर्वेकडून लागून असलेला, लाँग आयलंड बेटावरील नॅसो परगणा हा अमेरिकेतील उपनगरी जीवनाचा जणू आद्य नमुना आहे. याच परगण्यात १९४७ पासून लेव्हिटटाउन ही हजारो एकसारख्या घरांची वसाहत उभी राहिली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना तेथे स्वस्तात घरे मिळाली. मात्र ती केवळ गोऱ्यांनाच. पुढे वस्ती बदलत गेली, आणि आज हिक्सव्हिलसारख्या गावात भारतीय दुकानांच्या रांगा दिसतात. परंतु घराची किंमत, मालमत्तेवरील कर, मुलांची शाळा आणि शेजारच्या महानगरातून येऊ शकणाऱ्या गुन्हेगारीची धास्ती ही तेथील राजकारणाची चतुःसूत्री कायम राहिली. या भूमीवर रिपब्लिकन पक्षाने अत्यंत शिस्तबद्ध यंत्रणा बांधली. तिचे दीर्घकाळचे सूत्रधार जोसेफ मार्जिओटा यांना सरकारी विम्याच्या दलालीच्या प्रकरणात १९८१ साली न्यायालयाने दोषी ठरविले होते. सारांश, पक्ष आणि पैसा यांची सोयरीक तेथे सँटोस यांच्या जन्माआधीच जुळलेली होती.

२०२२ साली नॅसोचा उत्तर भाग आणि क्वीन्सचा काही भाग मिळून झालेल्या तिसऱ्या मतदारसंघातील जागा मोकळी झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे टॉम सुओझी यांनी राज्यपालपदाच्या उमेदवारीसाठी ती सोडली होती. रिपब्लिकन पक्षाकडून सँटोस यांना उमेदवारी मिळाली ती कोणत्याही अंतर्गत लढतीवाचून. डेमोक्रॅटिक पक्षाचे रॉबर्ट झिमरमन मात्र पाच जणांच्या स्पर्धेतून पुढे आले. दोन वर्षांपूर्वी याच भागातील मतदारांनी अध्यक्षपदासाठी जो बायडन यांना कौल दिला होता. परंतु या वेळी प्रचाराचा सारा रोख गुन्हेगारीवर व जामिनाच्या कायद्यावर होता, आणि रिपब्लिकनांचे राज्यपालपदाचे उमेदवार ली झेल्डिन हे स्वतः लाँग आयलंडचे होते. ८ नोव्हेंबरच्या मतदानात बेटावरील चारही जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या. सँटोस सुमारे २० हजार मतांनी निवडून आले.

सहा आठवड्यांनी, १९ डिसेंबर रोजी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सँटोस यांच्या चरित्राची छाननी प्रसिद्ध केली. ज्या महाविद्यालयाची पदवी ते सांगत होते तेथे त्यांची नोंद नव्हती. ज्या दोन बड्या वित्तसंस्थांत नोकरी केल्याचे ते सांगत होते त्यांच्या दप्तरी त्यांचे नाव नव्हते. आजी-आजोबा नाझींच्या छळातून निसटले, आई ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी जागतिक व्यापार केंद्रात होती, ही विधानेही कागदपत्रांपुढे टिकली नाहीत. सँटोस यांनी आठवडाभरात पदवीची व नोकऱ्यांची कबुली दिली. परंतु तिला त्यांनी दिलेले नाव होते ‘अतिशयोक्ती’!

हे शोधकार्य उत्तम होते यात शंका नाही. पण ते वरातीमागून आलेले घोडे होते. आणि खरी लाजिरवाणी गोष्ट तर पुढेच आहे: हे सारे कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. ‘नॉर्थ शोअर लीडर’ या लाँग आयलंडवरील छोट्या साप्ताहिकाने सप्टेंबरमध्येच प्रश्न केला होता की, २०२० साली ज्याच्यापाशी सांगण्यासारखी मालमत्ता नव्हती, तो माणूस दोन वर्षांत लक्षाधीश कसा झाला? या पत्राचे प्रकाशक स्वतः रिपब्लिकन; तरीही त्यांनी आपल्या पक्षाच्या उमेदवाराला नाकारून झिमरमन यांना मत देण्याचे आवाहन केले. त्याची दखल एकाही मोठ्या दैनिकाने घेतली नाही. सँटोस यांच्याच प्रचारयंत्रणेने २०२१ च्या अखेरीस उमेदवाराच्या उणिवांची पाहणी करवून घेतली होती. तीत पदवी खोटी असल्याचे उघड झाले, तेव्हा काही सहकाऱ्यांनी माघार घेण्याचा सल्ला दिला आणि तो मानला न गेल्यामुळे त्यांनी काम सोडले. पण सोडून जाणाऱ्यांनीही मतदारांना काही सांगितले नाही. डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिस्पर्ध्यावर ८७ पानांचे टिपण तयार केले होते. त्यात काही संशयास्पद बाबी होत्या, पण महाविद्यालयाच्या दप्तरात डोकावण्याचे साधे काम कोणाच्या हातून झाले नाही. ज्यांना ठाऊक होते त्यांची अळीमिळी गुपचिळी, आणि ज्यांनी शोधायचे ते गाफील. या दोहोंच्या मधल्या फटीतून एक बनावट माणूस संसदेत पोहोचला.

असा माणूस पक्षाच्या चाळणीतून सुटला कसा? याचे उत्तर पुढे आरोपपत्रातून मिळाले. राष्ट्रीय पक्षसमितीचे आर्थिक व संघटनात्मक साहाय्य मिळण्यासाठी उमेदवाराने एका तिमाहीत किमान अडीच लाख डॉलर इतरांकडून जमविलेले असावेत, अशी अट होती. सँटोस यांनी नातेवाइकांच्या नावे खोट्या देणग्या दाखविल्या. स्वतः ५ लाख डॉलर प्रचारनिधीला कर्जाऊ दिल्याची नोंद केली, तेव्हा त्यांच्या खात्यांवर ८ हजार डॉलरही नव्हते. पक्षाने लायकीची कसोटी पैशाची ठेवली. सँटोस यांनी पैसाच खोटा दाखविला. उमेदवाराने कोणत्या वस्तीत काम केले, कोणत्या शाळेच्या वा रुग्णालयाच्या प्रश्नावर लोकांबरोबर उभा राहिला, शेजारी त्याच्याविषयी काय सांगतात, हे प्रश्न या कसोटीत येतच नाहीत. ते आले असते तर उत्तरे अर्ध्या दिवसात मिळाली असती.

निवडून आल्यानंतरचे वर्ष हे संख्याबळाच्या राजकारणाचा धडाच होय. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांच्या जागा होत्या २२२, म्हणजे बहुमतापेक्षा अवघ्या चार अधिक. जानेवारी २०२३ मध्ये केविन मॅकार्थी यांना सभापती होण्यासाठी मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या, आणि त्या प्रत्येक फेरीत सँटोस यांचे मत त्यांना मिळाले. नॅसोमधील रिपब्लिकन पुढाऱ्यांनी ११ जानेवारीस सँटोस यांचा राजीनामा मागितला, हे त्यांच्या श्रेयाला नमूद केले पाहिजे. वॉशिंग्टनमधील नेतृत्वाला मात्र त्या एका मताची गरज होती. १ नोव्हेंबर २०२३ चा हकालपट्टीचा ठराव १७९ विरुद्ध २१३ मतांनी फेटाळला गेला. न्यायालयाने दोषी ठरविण्यापूर्वी सदस्याला घालवू नये, असे म्हणणारे काही डेमोक्रॅटही विरोधात होते. पंधरवड्यानंतर आचारसमितीचा अहवाल आला. प्रचारनिधीतून सौंदर्योपचार व चैनीच्या वस्तू यांवर झालेला खर्च त्यात चव्हाट्यावर मांडला गेला. तेव्हा कुठे १ डिसेंबरला ३११ विरुद्ध ११४ मतांनी हकालपट्टी झाली. अमेरिकेच्या इतिहासात प्रतिनिधिगृहाने काढून टाकलेले ते केवळ सहावे सदस्य. १३ फेब्रुवारी २०२४ च्या पोटनिवडणुकीत सुओझी ती जागा पुन्हा जिंकून आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. सँटोस यांच्यावर मे २०२३ मध्ये १३ आणि ऑक्टोबरमध्ये एकूण २३ आरोप ठेवले गेले. देणगीदारांच्या पतपत्रांवरून परस्पर रकमा उचलणे, प्रचारासाठी म्हणून घेतलेल्या देणग्या स्वतःच्या कपड्यांवर व देण्यांवर उडविणे, निवडणूक हिशेबात खोट्या नोंदी करणे, मालमत्तेबाबत प्रतिनिधिगृहाची दिशाभूल करणे, असे त्यांचे स्वरूप होते. महामारीच्या काळात लाखो कामगार खरोखरच रोजगाराला मुकले असताना नोकरीवर असलेल्या सँटोस यांनी २४ हजार डॉलरहून अधिक बेकारभत्ता उचलला, हाही त्यांपैकीच एक आरोप. आणि संसदेत गेल्यावर बेकारभत्त्यातील लबाडीची वसुली करण्याच्या विधेयकाला याच गृहस्थांनी सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा दिला होता! ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी दोन गुन्हे कबूल केले. एप्रिल २०२५ मध्ये ८७ महिन्यांची शिक्षा झाली आणि सुमारे ३ लाख ७४ हजार डॉलरची भरपाई करण्याचा आदेश मिळाला.

ही यादी लक्षपूर्वक वाचावी. देणगीदाराची फसवणूक तीत आहे, सरकारी तिजोरीची आहे, निवडणूक आयोगाची आहे, प्रतिनिधिगृहाचीही आहे. नाही ती फक्त मतदाराची! ज्यांनी खोट्या चरित्रावर विश्वास ठेवून शिक्का मारला त्या लाखभर माणसांचे अपहृत मत हा कोठेही गुन्हा ठरला नाही. पैसा गमावणाऱ्याला न्यायालयाचे दार खुले. मत गमावणाऱ्याला दोन वर्षे वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. अमेरिकन संसदेच्या सदस्याला मतदार परत बोलावू शकत नाहीत. त्याला काढू शकते ते केवळ सभागृह, दोनतृतीयांश मतांनी; आणि सभागृह कोणत्या हिशेबाने चालते ते वर आलेच आहे.

मग मतदाराशी खोटे बोलणे हा गुन्हाच ठरवावा काय? हा मार्ग सोपा दिसतो, पण धोक्याचा आहे. कॅलिफोर्नियातील एका पाणीपुरवठा मंडळाच्या निर्वाचित सदस्याने आपल्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याची थाप मारली होती. त्याची शिक्षा रद्द करण्याचा निर्णय २०१२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. केवळ असत्य आहे म्हणून बोलण्याला गुन्हा ठरविता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. ज्यांनी १९७५ ते ७७ ची प्रसिद्धिपूर्व तपासणी अनुभवली, त्यांना या निर्णयातील शहाणपण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सत्य काय ते ठरविण्याचा अधिकार सत्तेच्या हाती दिला की पहिली गदा विरोधकांवरच येते.

भारतात २००२ व २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपले शिक्षण, मालमत्ता व फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागतात, आणि खोट्या माहितीसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अमेरिकेपेक्षा हे एक पाऊल पुढचे होय. पण प्रतिज्ञापत्र हा शेवटी कागद आहे. तो वाचणारा, ताडून पाहणारा आणि निर्भयपणे बोलणारा कोणी नसेल तर तो दप्तरात धूळ खात पडतो. प्रतिनिधीला परत बोलावण्याच्या हक्काचा जयप्रकाशजींनी १९७४ मध्ये जो आग्रह धरला, त्याचे मर्म हेच होते की, मतदानाच्या दिवशी लोकांचे काम संपत नाही.

लाँग आयलंडवर कायदा कमी पडला तो उशिरा. त्याआधी कमी पडली ती माणसे. उमेदवार आणि मतदार यांच्यामध्ये जे जिवंत दुवे असावयास हवेत, ते तेथे तुटलेले होते. हे दुवे म्हणजे वस्तीवस्तीतून फिरणारा कार्यकर्ता, गावातील छोटे वृत्तपत्र आणि स्वपक्षालाही प्रश्न विचारणारी शाखा. त्यांची जागा निधीच्या आकड्यांनी आणि दूरचित्रवाणीवरील भीतीच्या जाहिरातींनी घेतली होती. ज्या एका छोट्या साप्ताहिकाने आपले कर्तव्य बजावले, त्याचा आवाज पुढे नेणारे कोणी नव्हते.

म्हणून या प्रकरणातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध परक्या देशातील एका लबाडाला हसण्यापुरता नाही. ज्या पक्षात उमेदवारी ठरविताना ‘किती पैसा आणणार?’ हा प्रश्न ‘लोकांत किती वर्षे काम केले?’ या प्रश्नाच्या आधी विचारला जातो, त्या प्रत्येक पक्षात सँटोस यांच्यासाठी जागा रिकामी आहे. आणि आपल्याच उमेदवाराविषयी खटकणारी गोष्ट ज्याला ठाऊक आहे, पण निवडणूक तोंडावर आली म्हणून जो गप्प राहतो, तो कार्यकर्ता त्या फसवणुकीतला भागीदार आहे. मतदाराची दाद घेणारे न्यायालय कोठेही नाही. ते काम कार्यकर्त्याचे आहे, आणि ते मतदानाच्या आधी करावयाचे आहे.