बार दोन आणि पावणेदोन तास

काल शनिवारी सकाळी (म्हणजे त्यांची शुक्रवारची रात्र) एडिसनहून चुलतताईच्या चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल. अकरावीत आहे. "मामा, हे आन्सर बरोबर आहे ना?"

गणित असं: टेक्नेशियम-९९एम, स्कॅनच्या आधी पेशंटला टोचतात ते. हाफ लाइफ साधारण ६ तास. ५ टक्के उरायला किती वेळ? म्हणजे २^(-क्ष/६) = ०.०५. पठ्ठ्याने टीआय-८४ वर वाय-वनमध्ये डावी बाजू, वाय-टूमध्ये ०.०५ टाकलं, इंटरसेक्ट दाबलं. उत्तर १.७४ तास.

"अरे, निम्मं व्हायलाच सहा तास लागतात. मग पावणेदोन तासांत पाच टक्क्यांवर कसं येईल?"

"पण कॅल्क्युलेटर म्हणतोय!"

कॅल्क्युलेटर खोटं बोलत नव्हता. साहेबांनी घाताला कंसच दिला नव्हता. क्लासिक मोडमध्ये २^-क्ष/६ लिहिलं की तो आधी २^-क्ष काढतो आणि मग सगळ्याला ६ ने भागतो. वेगळंच गणित, आणि त्याचं अचूक उत्तर! (वजाबाकीची की आणि उणे चिन्हाची की वेगळी आहे, तो घोळ त्याने आधीच निस्तरला होता. तिथे निदान सिंटॅक्स एरर तरी येते. कंस विसरलात तर मशीन चकार शब्द काढत नाही.) कंस दिल्यावर आलेख छेदेचनात. साहजिकच, स्टँडर्ड विंडो क्ष = १० ला संपते आणि खरं उत्तर आहे २६ च्या जवळ. म्हणजे चुकीचं उत्तर स्क्रीनवर आणि बरोबर उत्तर स्क्रीनबाहेर. आमच्या प्रॉडक्शनच्या बग्ससारखंच :-)

आता इथे "आमच्या वेळी लॉग टेबल होतं" असा सूर लावायचा मोह होतो. पण खरं सांगतो, बारावीला मीही तोंडावर आपटलोय. टेबलाने लॉग ०.०५ काढला की येतो बार दोन पॉइंट ६९९०. तो बार फक्त दोनच्या डोक्यावर असतो, म्हणजे उणे २ अधिक ०.६९९०, एकूण -१.३०१०. मी सरळ -२.६९९० धरायचो. या गणितात तसं केलं तर २६ च्या जागी जवळपास ५४ तास येतात. टेबलाने मला अडवलं नाही, त्याला टीआयने अडवलं नाही. त्यामुळे कॅल्क्युलेटरने पोरं बिघडली वगैरे मला पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की बटण दाबायच्या आधी बोटं मोजायला शिकवा. ५०, २५, साडेबारा, सव्वासहा, तीन. पाच टक्के चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या मध्ये, म्हणजे २४ ते ३० तास. एवढं माहीत असलं की १.७४ बघून माणूस आपोआप दचकतो. विंडो किती मोठी ठेवायची हेही त्यातूनच कळतं. मग खुशाल लॉग घ्या: ६ × १.३०१० / ०.३०१० = २५.९३. आमच्या मास्तरांनी हे कधी करून घेतलं नाही, त्याच्याही नाही. दोन्हीकडे स्टेप्सना मार्क, दचकायला शून्य.

त्याला हे सगळं सांगितलं. पाच मिनिटं शांत. मग एक्स-मॅक्स ४० केलं, वाय-मॅक्स १ केलं, छेद मिळाला.

"मामा, बोटं मोजलेली पेपरात लिहू का?"

"मार्जिनमध्ये लिही," म्हटलं.