सर्पविवेक हीच पंचमीची पूजा

श्रावण शुद्ध पंचमीस कोकणात घरोघरी पाटावर मातीचा नाग मांडला जातो. त्याच्यापुढे दूध-लाह्यांचा नैवेद्य ठेवतात, आणि हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्यांचा सुगंध माजघरात दरवळू लागतो. त्या दिवशी भुई खणावयाची नाही, नांगर धरावयाचा नाही, चिरावयाचे-कापावयाचे नाही, असा दंडक वाडवडिलांनी घालून दिला आणि तो आजही पाळला जातो. परंतु षष्ठीच्या सकाळी मांगराच्या आडोशाला एखादी बिचारी धामण दिसली की कालचे जोडलेले हात आज काठीकडे वळतात. ज्याची पूजा केली त्याची ओळखच नाही, अशी ही आपली भक्ती आहे. ओळखीवाचून भक्ती आंधळी असते आणि भीती तर त्याहूनही आंधळी.

कीर्तनाच्या पूर्वरंगात रज्जुसर्पाचा दृष्टांत किती वेळा येतो याची गणती नाही. अंधुक प्रकाशात पडलेल्या दोरीवर सर्पाचा भास होतो, दिवा आणला की सर्प नाहीसा होतो आणि दोरी उरते. वेदान्ताच्या कामी हा दृष्टांत पुरेसा आहे. तथापि सड्यावर आणि कुणग्यात वावरणाऱ्या आपल्या लोकांपुढचा भ्रम याहून बिकट आहे. येथे समोर दोरी नसतेच. येथे सर्पावर सर्पाचा भास होतो. निर्विषाला विषारी समजलो तर एका निरपराध जिवाचा घात होतो आणि विषारीला निर्विष समजलो तर आपला स्वतःचा. दोन्ही भ्रमांचे मूळ एकच, आणि दोहोंवर उताराही एकच, तो म्हणजे विवेक.

हा विवेक आधुनिक काळाने आपल्याला शिकविला असे मानण्याचे कारण नाही. महाभारताच्या आदिपर्वात, जनमेजयाच्या सर्पसत्राच्या कथेआधीच, रुरूचे आख्यान आले आहे. रुरूची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सख्यांसह खेळत असता तिचा पाय वाटेत निजलेल्या सर्पावर पडला आणि त्या दंशाने ती गतप्राण झाली. रुरूने आपले अर्धे आयुष्य देऊन तिला परत मिळविले, पण अंतःकरणातील क्रोध शमला नाही. दिसेल तो सर्प दंडाने ठेचावयाचा, अशी त्याने प्रतिज्ञा केली. एके दिवशी वनात त्याने एका वृद्ध डुंडुभावर दंड उगारला. डुंडुभ म्हणजे निर्विष सर्प. अमरकोशात राजिल हा त्याचाच पर्याय दिला आहे. तो डुंडुभ काकुळतीने म्हणाला, की मी तुझा काहीच अपराध केलेला नाही. मनुष्यांना दंश करणारे सर्प निराळे. केवळ आमच्यात सर्पाचा गंध आहे म्हणून तू आम्हांस मारू नयेस. त्यांची दुःखे मात्र आमच्या वाट्याला यावीत आणि सुखे येऊ नयेत, हा कोठला न्याय?

या आख्यानात आणखी एक मर्म आहे. तो डुंडुभ पूर्वीचा सहस्रपाद ऋषी होता. त्याने थट्टेने गवताचा साप करून खगम नावाच्या आपल्या मित्राला भिवविले. भयाने मूर्च्छित झालेला खगम शुद्धीवर येताच त्याने शाप दिला, की जसा तू वीर्यहीन सर्प केलास तसाच तू वीर्यहीन सर्प होशील. गवताच्या सापाला खरा समजणारा एक, आणि निर्विषाला विषारी समजणारा दुसरा. सर्पसत्रासारखी महान हिंसा सांगण्यापूर्वी व्यासांनी ही दोन भ्रमांची कथा उगीच ठेवलेली नाही. एका तक्षकाच्या अपराधासाठी सारे सर्पकुल अग्नीत लोटणारा जनमेजय आणि एका दंशासाठी डुंडुभावर दंड उगारणारा रुरू यांचा दोष एकच आहे. दोघांनीही ओळख करून घेतली नाही.

आता शास्त्राकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सर्पांचे ऐंशी प्रकार सांगून त्यांचे वर्ग पाडले आहेत. फणा असलेले ते दर्वीकर, अंगावर मंडले असलेले ते मंडली, रेषा असलेले ते राजिमंत, शिवाय निर्विष आणि संकराने झालेले वैकरंज. दर्वीकराचे विष वात, मंडलीचे पित्त आणि राजिमंताचे कफ प्रकुपित करते, असे सुश्रुत म्हणतो. दर्वीकर दिवसा, राजिमंत रात्रीच्या अखेरच्या प्रहरी आणि मंडली रात्रीच्या उरलेल्या प्रहरांत संचार करतात, असेही निरीक्षण त्याने नोंदविले आहे. आजच्या भाषेत मांडावयाचे तर दर्वीकर म्हणजे नाग, मंडली म्हणजे घोणस-फुरशाचे कुळ, आणि पट्ट्यांचा, निशाचर, अंग बधिर करून निद्रेतच प्राण हरणारा राजिमंत वाचताना मण्यार डोळ्यांपुढे उभी राहते. मंडलीच्या दंशाने दाह, सूज व रक्तस्राव होतो, हे रुग्णालयातील वैद्य आजही पाहतात. निरीक्षण इतके सूक्ष्म असूनही सुश्रुताने सांगितलेला दोरीचा घट्ट बंध आज वर्ज्य ठरला आहे, हे सांगण्यात कमीपणा नाही. शास्त्र पुढे जाते, हाच शास्त्राचा सन्मान होय.

भारतात सर्पांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, परंतु बहुतेक मृत्यूंना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांनाच जबाबदार धरले जाते. हे चौघेही सिंधुदुर्गात आहेत, आणि प्रत्येकाचा कोणी ना कोणी निरुपद्रवी तोतया आपल्या अंगणात वावरतो.

सर्वांत घातक गोंधळ मण्यार आणि कवड्या यांचा. मण्यार काळी-निळी, तुळतुळीत असते. अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. हे पट्टे मानेकडे विरळ किंवा नाहीसे आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कण्यावरून षट्कोनी मोठ्या खवल्यांची एक रांग जाते. कवड्याचा प्रकार उलटा. त्याचे पट्टे मानेपाशी ठळक व रुंद, शेपटीकडे पुसट. रंग बहुधा तपकिरी, डोके चपटे. पालींच्या मागे तो भिंतीवर सहज चढतो. तथापि पिलांच्या बाबतीत या खुणा नेहमी इतक्या स्पष्ट नसतात. भुईवर निजलेल्या माणसाला मण्यार रात्री दंश करते तेव्हा वेदना जवळजवळ होत नाही, सूजही येत नाही. सकाळी पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे म्हणतात, "कवड्याच होता तो." या एका वाक्यापायी उजेडाचे कितीतरी मोलाचे तास वाया जातात.

देवगड-मालवणच्या जांभ्याच्या सड्यावर फुरशाचे राज्य. वीतदीड वीत ते हात-दीड हात लांबी, खरबरीत अंग, बाजूंना पांढरी नागमोडी रेघ, डोक्यावर बाणासारखी खूण. डिवचले असता वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करते. मांजऱ्या साप रंगाने तसाच आणि चिडला की पवित्राही तसाच घेतो. पण त्याचे अंग सडपातळ व गुळगुळीत असते, शेपूट लांब असते आणि तो झाडाझुडपांवर वावरतो. त्याचे विष सौम्य आहे, माणसास त्याचे भय नाही.

घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या अंडाकृती तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि तिचा फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा लांबवर ऐकू येतो. अजगराच्या पिलाचे डाग वेडेवाकडे असतात, त्यांत शिस्त नसते. डुरक्या घोणस नावाने घोणस असली तरी ती निर्विष आहे. तिची आखूड शेपटी हीच तिची ओळख. घोणशीला अजगराचे पिलू समजून उचलणारा मनुष्य मृत्यूलाच उचलतो.

नाग आणि धामण यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. फणा काढली की ओळख पटते, दहाचा आकडा दिसतो. न काढली तर मात्र जाणताही चुकतो. धामणीचे डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, चाल विजेसारखी. ती नागाची मादी नव्हे, गाईचे दूध पीत नाही, आणि शेपटीच्या फटक्याने अवयव सडवीत नाही. ती उंदीर खाते, म्हणजे कणगीतले धान्य राखते. कुणग्यातील पाणदिवड मान चपटी करून फणेचा आव आणते आणि कडकडून चावतेही, पण तिला विष नाही. आंबोलीच्या बाजूला बांबूच्या बेटांतील हिरवा चापडा विषारी खरा. त्याचे डोके त्रिकोणी, अंग जड, चाल मंद. चाबकासारखा बारीक, लांब चोचीच्या तोंडाचा हरणटोळ मात्र टाळू फोडतो ही निव्वळ दंतकथा.

आणि आपल्या किनाऱ्याचा स्वतंत्र अध्याय समुद्री सापांचा. रापण ओढताना जाळ्यात वाम येते, तसाच कधी समुद्री सापही येतो. वामीला खवले नसतात, पाठीवर पर असतो. समुद्री सापाला खवले असतात आणि शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. खाडीच्या कांदळवनातील सापाची शेपटी गोल निमुळती असते, तो माणसास घातक नाही. चपटी शेपटी दिसली की हात लावू नये, कारण आपल्याकडील प्रतिविष वर सांगितलेल्या चार जमिनीवरील सापांच्या विषापासून बनते. समुद्री सापाचा त्यात समावेश नाही.

येथे एक इशारा द्यावा लागतो. त्रिकोणी डोके आणि मांजरासारखी उभी बाहुली म्हणजे विषारी साप, असा सोपा नियम पुष्कळजण सांगतात. या नियमाने नाग व मण्यार निर्विष ठरतात, कारण दोघांची बाहुली गोल असते, आणि बिचारा अजगर विषारी ठरतो. दंशावर दोन दातांचे व्रण असले तरच विष, हाही नियम तितकाच फसवा. तेव्हा ओळखीचा उपयोग दंशापूर्वी आहे, दंशानंतर नाही. दुरून ओळखून मारण्याचे टाळावे, यासाठी ती विद्या आहे. संशय आला तर विषारी समजून दूर राहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापास मारणे वा धरणे निषिद्धच आहे. घरात शिरला तर वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावे.

दंश झालाच तर ओळखीचा वाद घालू नये. मेलेला साप पुडक्यात बांधून नेण्याचीही गरज नाही. तुटलेले डोकेदेखील काही काळ चावू शकते. प्रतिविष चारही विषांवर एकच आहे आणि वैद्य लक्षणांवरून निर्णय घेतात. कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही तर घोणस-फुरशाकडे बोट जाते. पापण्या मिटू लागल्या तर नाग-मण्यारीकडे. जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा आणि तडक रुग्णालय गाठावे. मंत्र म्हणण्यास कोणाची हरकत नाही, तो रुग्णवाहिकेत बसून म्हणावा. चरकाने शंकाविष सांगितले आहे. अंधारात काहीतरी टोचले, आणि केवळ शंकेनेच ज्वर, मूर्च्छा, दाह होतो. ते शंकाविष आहे की खरे, याचा निवाडाही घरी करावयाचा नाही, रुग्णालयातच करावयाचा.

हे सर्व केवळ उपदेशासाठी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. मरणारे बहुतेक खेड्यांतले, शेतात राबणारे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत गणले. भारत सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले. आपल्या कोकणातच महाडला डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचू व सर्पदंशावर आयुष्य वेचले. मुंबईच्या हाफकिन संस्थेतील डॉ. पु. ज. देवरस यांनी १९६५ साली सर्वसामान्यांसाठी भारतीय सर्पांवर ग्रंथ लिहिला. दिवे लावणारे लावून गेले आहेत. उजेडात पाहण्याचे काम तेवढे आपले आहे.

म्हणून या पंचमीला मातीच्या नागापुढे हात जोडताना दोन गोष्टींचा संकल्प व्हावा. रात्री खळ्यात वा परसात जाताना हाती विजेरी आणि पायी पादत्राण असावे, निजताना खाट आणि खोचलेली मच्छरदाणी असावी, घराभोवतीच्या गडग्याला लागून लाकडांचा व चिऱ्यांचा ढीग नसावा, हा पहिला. घरातील मुलांना कवड्या आणि मण्यार, धामण आणि नाग यांचा भेद चित्रावरून समजावून द्यावा, हा दुसरा. आस्तिकाने सर्पसत्र थांबविले ते याच पंचमीस, अशी परंपरा सांगते. त्याने थांबविलेली आहुती आपण काठीने पुन्हा सुरू करू नये, आणि ओळखीच्या अभावी आपल्याच माणसाची आहुतीही पडू देऊ नये. नागदेवतेला दूध नको आहे, ते तिच्या जातीला पचतही नाही. तिला हवी आहे ओळख. डुंडुभाने रुरूपाशी मागितले ते याहून अधिक काही नव्हते.